आधी आकाश बघा, मग डिश घ्या: गावाकडच्या घरासाठी सॅटेलाइट इंटरनेट

गावाबाहेरच्या घरात राहायला गेलो, तेव्हा पहिल्या आठवड्यातच एक शोध लागला. अख्ख्या घरात नेट फक्त एका खिडकीत येत होतं, तेही फोन काचेला टेकवून ठेवला तर. ऑफिसची मीटिंग असली की मी त्या खिडकीशी उभा आणि घरचे दबक्या पावलांनी मागून जा-ये करणारे. महिनाभर हे सोसलं आणि मग वैतागून पहिली दिसली ती डिश घेतली. ती निवड चुकली. दुसरी डिश घेताना जरा अभ्यास केला, तोच इथे मांडतोय.

सुरुवातीला: सॅटेलाइट लागतंय का ते तपासा

विचित्र वाटेल, पण पहिली पायरी सॅटेलाइट टाळता येतंय का हे बघायची आहे. घरापर्यंत फायबर येत असेल तर डोळे झाकून फायबर घ्या आणि हा लेख इथेच सोडा. फायबर नसेल, पण एखाद्या वायरलेस इंटरनेटवाल्याचा टॉवर गच्चीवरून डोळ्यांना दिसत असेल, तर त्याला फोन करा. मध्ये टेकडी किंवा दाट झाडी नसेल तर ते कनेक्शन बहुतेक वेळा सॅटेलाइटपेक्षा स्वस्त पडतं.

मोबाइलच्या रेंजबद्दल तर बहुतेकांचा गैरसमजच असतो. 'आमच्याकडे रेंज नाही' म्हणजे बऱ्याचदा 'घरात रेंज नाही' एवढंच असतं. जाड भिंती आणि पत्र्याचं छप्पर सिग्नल खाऊन टाकतात. फोन घेऊन गच्चीवर जा, सगळ्या कंपन्यांची सिमं घालून बघा आणि सकाळी, दुपारी व रात्री नऊच्या सुमाराला स्पीड टेस्ट करा. रात्रीसुद्धा १५-२० एमबीपीएस टिकत असेल तर बाहेर खांबावर लावायचा अँटेना आणि सिमचा राउटर, एवढ्यावर काम भागतं.

हे सगळं करून हात टेकले असतील, तर पुढे वाचा.

उपग्रह किती उंचावर आहे?

जाहिरातीत वेग मोठ्या अक्षरात असतो. तुम्ही आधी उंची विचारा. बाकीचं बरंचसं त्या एका आकड्यावरून कळतं.

जुन्या पद्धतीचे इंटरनेट उपग्रह विषुववृत्ताच्या वर ३५,७८६ किलोमीटरवर असतात. यांना भूस्थिर म्हणतात, कारण पृथ्वीबरोबरच फिरत असल्यामुळे जमिनीवरून ते आकाशात एकाच जागी खिळल्यासारखे दिसतात. ह्यूजनेट आणि व्हायासॅट यांची घरगुती सेवा या प्रकारातली. नव्या पद्धतीत खालच्या कक्षेत हजारो छोटे उपग्रह सोडलेले असतात. स्टारलिंकचे उपग्रह साधारण ५५० किलोमीटरवर फिरतात. मे २०१९ मध्ये त्यांची ६० उपग्रहांची पहिली मोठी खेप गेली आणि ऑक्टोबर २०२० मध्ये ग्राहकांसाठी चाचणी सुरू झाली. वनवेबचे उपग्रह १,२०० किलोमीटरवर आहेत, पण त्यांचा भर घरगुती ग्राहकांपेक्षा कंपन्या, सरकारं, जहाजं आणि विमानं यांच्यावर आहे. अ‍ॅमेझॉननेही एप्रिल २०२५ पासून आपल्या जाळ्याचे उपग्रह सोडायला सुरुवात केली आहे. या सगळ्या सेवा सगळ्या देशांत मिळत नाहीत. तुमच्या देशात परवाना कोणाकडे आहे आणि तुमच्या पत्त्यावर सेवा चालू आहे का, हे कंपनीच्या साइटवर पत्ता टाकून आधीच बघा. दुसऱ्या देशातून कोणी आणून दिलेली डिश घेऊ नका. ती तुमच्याकडे चालेलच असं नाही, आणि काही ठिकाणी तो कायद्याने गुन्हाही ठरतो.

आता उंचीने काय बिघडतं ते बघू. तुम्ही लिंकवर क्लिक करता तेव्हा सिग्नल वर जातो, तिथून कंपनीच्या जमिनीवरच्या केंद्रात उतरतो आणि उत्तर त्याच वाटेने परत येतं. म्हणजे चार फेऱ्या. भूस्थिर उपग्रहासाठी हे अंतर १,४३,००० किलोमीटरच्या वर जातं. प्रकाशाच्या वेगालाही त्यासाठी जवळपास ४८० मिलिसेकंद लागतात आणि प्रत्यक्षात पिंग, म्हणजे उत्तर परत यायला लागणारा वेळ, ६०० च्या आसपास किंवा जास्तच दिसतो. ५५० किलोमीटरवरच्या उपग्रहासाठी हाच प्रवास सात-आठ मिलिसेकंदांचा असतो. मधली यंत्रं आणि जमिनीवरचं जाळं धरून पिंग २५ ते ६० च्या दरम्यान येतो. कोणतीही कंपनी कितीही चांगला राउटर देवो, तो ४८० चा आकडा कमी होणार नाही. डिश कितीही महागडी असली तरी प्रकाश तिच्यासाठी वेगाने धावत नाही.

माझी पहिली डिश भूस्थिर होती. कागदावर वेग २५ एमबीपीएस आणि तो मिळतही होता. पण ताईशी व्हिडिओ कॉल लावला की गंमत व्हायची. ती काहीतरी विचारायची, मी उत्तर द्यायचो, ते तिच्यापर्यंत पोचेतो तिला वाटायचं मी ऐकलंच नाही, म्हणून ती पुन्हा विचारायची. मग दोघांचे आवाज एकमेकांवर आदळायचे, दोघंही थांबायचो. "बोल." "नाही, तू बोल." पुन्हा दोघं एकदम. शेवटी ती म्हणाली, "अरे, तू मला चिठ्ठी लिहीत जा, लवकर पोचेल."

वेबसाइटही वेगळ्या कारणाने हळू उघडतात. पान दिसायच्या आधी ब्राउझर आणि सर्व्हर यांच्यात तीन-चार वेळा देवाणघेवाण होते: पत्ता शोधायचा, जोडणी करायची, कुलूपबंद भाषा ठरवायची. प्रत्येक वेळेला ०.६ सेकंद धरले तर पहिलं अक्षर दिसायलाच दोन सेकंद गेले. हे लपवण्यासाठी भूस्थिर सेवेचे मॉडेम वाटेत एक युक्ती करतात. डेटा पोचल्याची पोच समोरून यायची वाट न बघता ते स्वतःच देऊन टाकतात, म्हणजे पुढचा डेटा लगेच निघतो. पण ऑफिसचा व्हीपीएन, म्हणजे ऑफिसच्या जाळ्यापर्यंतचा बंदिस्त मार्ग, चालू केला की सगळं बंद पाकिटात जातं, मॉडेमला आत काय चाललंय ते दिसत नाही आणि ती युक्ती फसते. म्हणून घरून काम करणाऱ्यांची तक्रार ठरलेली असते: 'नेट ठीक चालतं, ऑफिसचं काम मात्र रांगतं.' व्हीपीएनवर काम असेल, ऑनलाइन वर्ग असतील किंवा मुलं गेम खेळत असतील, तर भूस्थिर घेऊ नका. बातम्या, मेल, पैसे पाठवणं आणि साठवून दिसणारा व्हिडिओ एवढंच हवं असेल तर ते चालेल.

आकाश मोजा

या पायरीवर घाई करू नका. मी केली होती.

खालच्या कक्षेतला उपग्रह सुमारे दीड तासात पृथ्वीला एक फेरी मारतो. तुमच्या डोक्यावरून तो काही मिनिटांतच निघून जातो. डिश एका उपग्रहाकडून दुसऱ्याकडे सतत उडी मारत असते. स्टारलिंकच्या जाळ्यात कोणी कोणाशी बोलायचं हे वाटप दर १५ सेकंदांनी नव्याने होतं. त्यामुळे या डिशला आकाशाचा एक ठिपका पुरत नाही, मोठ्या छत्रीएवढं मोकळं आकाश लागतं. साधारण १०० अंशांचा शंकू डोळ्यांसमोर आणा. त्या शंकूत झाड, पाण्याची टाकी, शेजारच्या घराचा कोपरा किंवा मोबाइलचा टॉवर आला, तर उपग्रह त्यामागे जाईल तेवढा वेळ नेट तुटतं.

कंपनीच्या अ‍ॅपमध्ये अडथळे तपासायची सोय असते. डिश मागवायच्या आधीच ते अ‍ॅप फुकट उतरवून घेता येतं. फोन आकाशाकडे धरून गोल फिरायचं, अ‍ॅप अडथळ्यांचा नकाशा काढून देतं. एकाच जागी करू नका. अंगण, गच्ची, गच्चीची दोन्ही टोकं, गोठ्याचं किंवा गॅरेजचं छप्पर अशा पाच-सहा जागा बघा. दोन-तीन मीटर सरकल्यावर निकाल पार बदललेला मी पाहिला आहे.

अ‍ॅप म्हणालं 'फक्त १ टक्का अडथळा', तर खूश होऊ नका. दिवसाचे ८६,४०० सेकंद असतात, त्याचा १ टक्का म्हणजे १४ मिनिटांहून जास्त. ही १४ मिनिटं एकगठ्ठा जात नाहीत, चार-पाच सेकंदांच्या तुकड्यांत दिवसभर विखुरलेली असतात. सिनेमा बघताना ते कळतही नाही, कारण पुढचा थोडा भाग आधीच उतरलेला असतो. पण कॉलवर तुमचं तोंड उघडं असताना चित्र गोठतं आणि समोरचे म्हणतात, "हॅलो, आवाज येतोय का?"

माझी चूक अशी झाली. दुसरी डिश मी पानगळीच्या दिवसांत बसवली. पूर्वेकडच्या झाडाचा नुसता सांगाडा उभा होता, अ‍ॅपने सगळं निळं, म्हणजे मोकळं दाखवलं आणि मी शेडच्या छपरावर डिश पक्की केली. दोन महिन्यांनी कॉल तुटायला लागले. मी राउटर बदलला, केबल काढून घातली, कंपनीला दोन मेल लिहिले. एका संध्याकाळी छपरावर चढून डिशशेजारी बसलो आणि वर पाहिलं, तर निम्मं आकाश हिरवं. पानांमध्ये पाणी असतं आणि पाणी या लहरी शोषून घेतं. तीच पानं पावसात भिजली की आणखीच वाईट. झाड भरगच्च असेल त्या दिवसांत कसं दिसेल, हे डोक्यात धरूनच जागा ठरवा. आणि झाडं वाढतात. आज टोकाला लागून जाणारी फांदी तीन वर्षांनी मध्ये आलेली असेल.

आता एक गोष्ट, जी विक्रेते सहसा सांगत नाहीत. घराभोवती उंच झाडी आहे आणि ती तोडायची नाहीये, अशा वेळी भूस्थिर डिश जिंकू शकते. तिचा उपग्रह हलत नाही. तिला विषुववृत्ताच्या दिशेने, म्हणजे उत्तर गोलार्धात दक्षिणेच्या बाजूला आणि दक्षिण गोलार्धात उत्तरेच्या बाजूला, आकाशात एकच मोकळी फट लागते. मग बाकी तिन्ही बाजूंनी जंगल का असेना. विषुववृत्तापासून जितके दूर राहाल तितका हा उपग्रह क्षितिजाकडे झुकलेला दिसतो, त्यामुळे तिथे समोरची टेकडी आड येऊ शकते. फोनवर उपग्रहाची दिशा आणि कोन दाखवणारी अ‍ॅप असतात, त्यांच्यातून ती फट शोधा.

पाऊस आणि ऊन

'पाऊस आला की बंद पडतं का?' हा प्रश्न सगळे विचारतात. दोन्ही प्रकारच्या सेवा केयू आणि केए नावाच्या पट्ट्यांत चालतात आणि तिथल्या लहरींची लांबी एक ते तीन सेंटिमीटरच्या घरात असते. पावसाचे मोठे थेंब अशा लहरी शोषतात आणि विखुरतात. भुरभुर पावसाने काही होत नाही. ढगफुटीसारखा कोसळला तर काही मिनिटं वेग पडतो किंवा नेट जातं, जोर ओसरला की परत येतं. केए पट्ट्यावर हा परिणाम जास्त होतो. कधी तुमच्याकडे लख्ख ऊन असतं आणि तरी नेट डळमळतं. अशा वेळी शेकडो किलोमीटरवरच्या कंपनीच्या जमिनीवरच्या केंद्रावर पाऊस असू शकतो.

भूस्थिर डिशवाल्यांना मार्च आणि सप्टेंबरच्या आसपास आणखी एक अनुभव येतो. काही दिवस रोज ठरावीक वेळी सूर्य बरोबर उपग्रहाच्या मागे येतो आणि डिशला सूर्याच्या गोंगाटात उपग्रहाचा आवाज ऐकू येत नाही. हे दर दिवशी काही मिनिटंच चालतं. डिश बिघडली असं समजून माणूस बोलावू नका.

वीज

घराच्या वीजबिलात काय भर पडेल हे डिश घेताना कोणी विचारत नाही. स्टारलिंकची घरगुती डिश साधारण ७५ ते १०० वॅट खाते, छोटी 'मिनी' २५ ते ४०. दिवसरात्र चालू असलेली ७५ वॅटची डिश रोज १.८ युनिट वापरते, महिन्याला ५४. बर्फ पडणाऱ्या भागात डिश स्वतःला तापवून बर्फ वितळवते, तेव्हा खर्च आणखी चढतो.

ग्रामीण भागात वीज जाणं हा रोजचा भाग असेल तर इन्व्हर्टरचा हिशेब आधी करा. १२ व्होल्ट १५० एएचची शिसे-आम्लाची बॅटरी कागदावर १,८०० वॉट-तास देते. तिचं आयुष्य टिकवायचं तर निम्मीच वापरायची, म्हणजे ९००. इन्व्हर्टरची गळती धरून डिशला ९० वॅट लागले तर दहा तास मिळतात. सौर पॅनेलवर सगळं घर चालवणाऱ्यांनी 'मिनी'चा विचार जरूर करावा.

त्याहून सतावते ती विजेची उचकी. दिवा नुसता लुकलुकतो, पण डिश पुन्हा चालू होऊन उपग्रह शोधेपर्यंत काही मिनिटं जातात. दिवसातून सहा वेळा असं झालं की नेट निरुपयोगी वाटतं आणि दोष उपग्रहाला जातो. संगणकाला लावतात तसा छोटा यूपीएस डिशच्या आणि राउटरच्या मध्ये नको, त्यांच्या वीजपुरवठ्यावर लावा. मी लावला त्या दिवसापासून निम्म्या तक्रारी संपल्या.

प्लॅनची बारीक अक्षरं

'अनलिमिटेड' या शब्दापुढे चांदणी आहे का बघा. बऱ्याच प्लॅनमध्ये, विशेषतः भूस्थिर सेवेत, ठरावीक डेटा संपला की वेग एकदम खाली येतो. घराची गरज आधी मोजा. एचडी व्हिडिओ तासाला ३ जीबीपर्यंत आणि फोरके ७ जीबीपर्यंत खातो. रोज रात्री दोन तास एचडी म्हणजे महिन्याला १८० जीबी, एका टीव्हीचे. घरात दोन टीव्ही आणि तीन फोन असतील तर १०० जीबीचा प्लॅन पहिल्या पंधरवड्यातच आटोपेल.

आणखी चार गोष्टी विचारून लेखी घ्या: डिशची मालकी कोणाची, किमान किती महिन्यांचा करार, परत करायची मुदत किती दिवसांची आणि घर बदललं तर कनेक्शन नव्या पत्त्यावर नेता येतं का.

घरातला कॅमेरा किंवा सर्व्हर बाहेरून थेट उघडायचा असेल तर स्वतंत्र पब्लिक आयपी (इंटरनेटवरचा स्वतःचा पत्ता) मिळतो का हेही विचारा. साध्या घरगुती प्लॅनमध्ये बहुधा अनेक ग्राहक एकच पत्ता वाटून घेतात, त्यामुळे पोर्ट उघडून उपयोग होत नाही. क्लाउडवरून चालणारे कॅमेरे मात्र व्यवस्थित चालतात. आणि एखादी साइट तुम्हाला भलत्याच शहरात दाखवायला लागली तर घाबरू नका, ते कंपनीच्या केंद्राचं शहर असतं.

वेगाचा आकडा जाहिरातीतून घेऊ नका, शेजाऱ्याकडून घ्या. आकाशातून येणारी क्षमता एका टापूतल्या सगळ्या ग्राहकांत वाटली जाते. दोन-चार किलोमीटरवर कोणाकडे तीच सेवा असेल तर संध्याकाळी आठनंतर त्यांच्या घरी जाऊन टेस्ट करा. दुपारचा २०० चा आकडा रात्री ६० वर आलेला दिसेल. ६० सुद्धा एका घराला भरपूर आहे, पण तो माहीत असलेला बरा.

बसवताना

खालच्या कक्षेची डिश स्वतः बसवता येते. ती आपली दिशा स्वतः ठरवते किंवा अ‍ॅप सांगेल तशी वळवावी लागते. भूस्थिर डिश मात्र जाणकाराकडूनच बसवा. तिथे एखाद्या अंशाची चूकही सिग्नल घालवते आणि वाऱ्याने खांब हलला तरी तेच.

पक्कं ड्रिलिंग करण्याआधी डिश दोन-तीन दिवस नुसती जमिनीवर ठेवून चालवा. अ‍ॅप तेवढ्या वेळात अडथळ्यांचा खरा नकाशा तयार करतं आणि जागा चुकली असेल तर भिंतीला भोकं पडायच्या आत कळतं. डिशपासून राउटरपर्यंतचं अंतर दोरीने मोजा, कारण केबल ठरावीक लांबीची येते आणि ती तोडून जोडणं महागात पडतं. केबल पाइपमधून न्या, उंदरांना तिची चव आवडते. घरात शिरायच्या आधी केबलला खाली एक झोळ द्या, म्हणजे पाणी तिथूनच ठिबकतं आणि भिंतीत जात नाही. खांबाला अर्थिंग करा. वीज कडाडायला लागली की डिशचा प्लग काढून ठेवा.

पहिला महिना

जुनं सिमकार्ड आणि तो खिडकीतला सिग्नल लगेच सोडू नका. २४ जुलै २०२५ ला स्टारलिंकचं जाळं जगभर सुमारे अडीच तास बंद होतं. अशा वेळी एक फोन करण्यापुरती तरी दुसरी वाट हवी.

परत करायची मुदत संपायच्या आत तीन परीक्षा घ्या. संध्याकाळी गर्दीच्या वेळी तासभराचा व्हिडिओ कॉल. दुसरी, संगणकावर अर्धा तास पिंग चालू ठेवून किती वेळा 'टाइमआउट' येतो ते मोजणं. तिसरी परीक्षा तुमच्या हातात नाही, एक जोरदार पाऊस. तो मुदतीत पडला तर नशीब.

डिशचा खोका माळ्यावर ठेवा, आतल्या पुठ्ठ्याच्या साच्यासकट. माझ्या पहिल्या डिशचा मी पेटवून दिला होता, आणि परत पाठवताना कंपनीने तोच मागितला.